रिप्लाय रेडी आहे मॅडम, फक्त सही करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात एआयवर जे जे छापून येतं ते मी वाचते, आणि खरं सांगायचं तर लेखाच्या आधी वाचकांची पत्रं वाचते. त्यात गेले कित्येक महिने दोनच सूर आहेत. एक म्हणजे आता सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, पोरांनी करायचं काय. दुसरा म्हणजे कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक असेच बोंबलले होते, काही होत नाही. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून हे लिहायला घेतलंय, थोडं लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कात्री लावा पण मधला जीएसटीच्या नोटिशीचा भाग तेवढा कापू नका.

मी कोल्हापुरात सीए आहे. ऑफिस छोटंच. क्लायंट म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, मशीन शॉपवाले, गुळाचे अडते, दोनचार डॉक्टर. आणि हाताखाली आर्टिकल मुलंमुली. ज्यांच्या घरात कुणी सीए नाही त्यांच्यासाठी सांगते, सीए व्हायला नुसत्या परीक्षा पास होऊन चालत नाही, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडे आर्टिकलशिप करावी लागते. ती आधी तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून नवीन स्कीम आली आणि ती दोन वर्षांवर आली. म्हणजे शिकायचा वेळ आधीच एक तृतीयांश गेला, आणि जे उरलं त्यात नेमकं हे एआय येऊन बसलं. तेव्हा नोकऱ्या जातील की राहतील यावर भांडायचं त्यांनी भांडावं, मला दिसतंय ते असं की नोकरी राहील, नावापुढे सीए पण लागेल, पण समोर बसलेल्या माणसाला त्याच्या धंद्यात काय चाललंय हे वाचता येणार नाही. आणि त्याला जबाबदार ही मुलं नाहीत, आम्ही ऑफिसवाले आहोत.

आर्टिकल करतो काय ते आधी सांगते. व्हाउचिंग, बँक रिको म्हणजे पासबुक आपल्या पुस्तकाशी जुळवणं, लेजर स्क्रूटिनी म्हणजे खाती वाचून तपासणं, टूबी म्हणजे जीएसटीच्या साईटवर येणारं खरेदीच्या क्रेडिटचं स्टेटमेंट, ते जुळवणं, स्टॉक मोजायला जाणं. व्हाउचिंग म्हणजे बिलांची फाईल घेऊन बसायचं आणि एकेक एंट्री बिलाशी ताडून टिक मारत जायचं. ऐकायला गाढवकाम वाटतं, आणि आहेच. पण हजारो बिलं हाताखालून गेली की डोळा तयार व्हायला लागतो. एखाद्या स्क्रॅपवाल्याची बिलं बघता बघता लक्षात येतं की याचा एप्रिलमधला बिल नंबर ४१, मेमधला ४२, जूनमधला ४३, अरे म्हणजे हा गडी आपल्या पार्टीशिवाय, म्हणजे आपल्या क्लायंटशिवाय, दुसऱ्या कुणाला माल विकतच नाही का? मग दिसतं की बिल एकदम करकरीत, साधी घडी पण नाही, आणि ट्रकबरोबर आलेलं बिल तर ड्रायव्हरच्या खिशातून येतं, त्याला घाम लागलेला असतो, ऑइलचे डाग असतात. मग रोखीचे खर्च बघायला घेतले की ९,८००, ९,९००, ९,७५०, दहा हजाराच्या वर एकही नाही, कारण एका माणसाला एका दिवसात दहा हजाराच्या वर रोख दिली की तो खर्च इन्कम टॅक्समध्ये मान्य होत नाही हे पार्टीच्या अकाउंटंटला आपल्याआधी माहीत असतं. हे असं कुठल्या मॉड्यूलमध्ये वाचून येत नाही, आणि मी शिकवते म्हटलं तरी तोंडी सांगून फारसं उतरत नाही.

फाउंड्रीचं तर आणखीनच. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला ढोबळमानाने ६०० युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे लाईट बिल आणि कास्टिंगचं टनेज शेजारी शेजारी ठेवलं की विक्री पुस्तकात किती दाखवली आणि खरी किती झाली असेल याचा वास येतो. वीज वाढली आणि उत्पादन आहे तिथंच, तर मालकाला विचारावं लागतं. कधी फर्नेसचं लायनिंग बदललेलं असतं, कधी अर्ध्यावर हीट, म्हणजे वितळवायचा घाणा, बंद पडलेली असते, कधी नवीन मशीन बसवलेलं असतं, आणि कधी मालक चहा मागवतो आणि विषय बदलतो. यातलं कुठलं आहे हे कळायला आधी फाउंड्रीत एकदा तरी घाम गाळून उभं राहावं लागतं ना?

आता काय झालंय, बिलं पीडीएफमध्ये येतात, एआयच्या टूलला फोल्डर दिला की ते सगळी बिलं वाचून खरेदीच्या रजिस्टरशी जुळवून एक्सेलमध्ये न जुळणाऱ्यांची यादी काढून देतं. छान देतं, मी स्वतः वापरते. पण माझ्यासाठी ती यादी म्हणजे कामाची सुरुवात असते, कारण यादीत काय नाहीये ते मला दिसतं. ज्या मुलाने फाईलच उघडली नाही त्याच्यासाठी यादी आली म्हणजे काम संपलं. तो काही कामचोर नसतो हो, त्याला खरंच वाटतं की संपलं.

नोटिशीचं सांगते. एका मशीन शॉपला २०२३-२४ सालासाठी जीएसटीची स्क्रूटिनीची नोटीस आली, आमच्यात त्याला एएसएमटी-१० म्हणतात, उत्तराला ३० दिवस मिळतात. म्हणणं काय, तर थ्रीबीमध्ये, म्हणजे तुमच्या जीएसटी रिटर्नमध्ये, तुम्ही जेवढं इनपुट क्रेडिट घेतलं ते टूबीमध्ये दिसतंय त्यापेक्षा जास्त आहे, फरक भरा. सोप्या भाषेत सांगायचं तर खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तुम्ही घेता, पण ज्याने माल विकला त्याने स्वतःच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवलं तरच ते तुमच्या टूबीत दिसतं. आमच्याकडच्या दुसऱ्या वर्षाच्या आर्टिकलने नोटीस वाचली, टूलमध्ये टाकली आणि जेवायच्या सुट्टीच्या आत चार पानी उत्तर घेऊन आला. रिप्लाय रेडी आहे मॅडम, फक्त सही करा.

इंग्रजी इतकं सुंदर की मला सुद्धा हेवा वाटला. त्यात मुख्य मुद्दा असा की टूए (टूबीच्या आधीचं तसलंच स्टेटमेंट) वगैरे ही फक्त सोयीसाठी आहेत, क्रेडिट घ्यायला ती दिसलीच पाहिजेत असं नाही, आणि आधाराला सुप्रीम कोर्टाचा भारती एअरटेलचा २०२१ चा निकाल. तो निकाल खरा आहे, त्यात तसं म्हटलेलंही आहे. अडचण एवढीच की तो २०१७ च्या काळाबद्दल आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून कायद्यात कलम १६(२)(एए) आलं, त्यानंतर बिल तुमच्या टूबीत दिसणं ही क्रेडिटची अटच झाली. नोटीस २०२३-२४ ची. म्हणजे चार पानं लिहून आम्ही ऑफिसरला काय सांगणार होतो, तर होय साहेब, आमची बिलं टूबीत नाहीत, पण ती असायची गरज नाही. पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे दुसरं काय!

आणि गंमत म्हणजे बिलं टूबीत होती. मी त्याला म्हटलं, फरकाची बिलं कुठली ते आधी काढ. संध्याकाळपर्यंत बसून त्याने काढली, सगळी मार्च २०२३ च्या शेवटच्या आठवड्यातली. सप्लायर पुण्याचा आणि राजकोटचा, बिल मार्चमध्ये फाडलं, माल पोचला एप्रिलमध्ये. सप्लायरने मार्चच्या रिटर्नमध्ये दाखवलं म्हणून टूबीत ते मागच्या वर्षात गेलं, आणि माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही म्हणून पार्टीने बरोबर एप्रिलमध्ये घेतलं. नियमाप्रमाणे. पुरावा कुठे, तर फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन जे इनवर्ड रजिस्टर लिहितो त्यात, गाडी नंबर आणि तारखेसकट. एक पानाचं उत्तर, सोबत बिलांची यादी आणि रजिस्टरच्या झेरॉक्स. कोर्टाचा निकाल एकही नाही. विषय संपला.

आता याच्यात टूलला दोष देऊन काय उपयोग, त्याला गेटवरचं रजिस्टर कुणी दाखवलं होतं? त्याला नोटीस दिली, त्याने नोटिशीला उत्तर दिलं. पण हा प्रश्न कायद्याचा नाहीच, तारखांचा आहे, हे ओळखायचं काम आर्टिकलचं होतं, आणि ते ओळखायला मार्च-एप्रिलच्या सांध्यावरची बिलं स्वतः जुळवलेली असावी लागतात. ती त्याने कधी जुळवलीच नव्हती, कारण तो आमच्याकडे येण्याआधी ज्या ऑफिसात होता तिथे सगळं जुळवून मिळायचं.

पेपरात बातम्या येतात त्या खोट्या निकालांच्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात लावले आणि ५,००० डॉलरचा दंड खाल्ला, त्यावर आपण सगळे हसलो. मग ते इथे आलं. बेंगळुरूच्या इन्कम टॅक्स ट्रायब्युनलने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेली एक ऑर्डर मागे घ्यावी लागली कारण त्यात दाखवलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्स खात्याची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, तिथे तर ऑफिसरनेच न झालेल्या निकालांचा आधार घेऊन साधारण ३ कोटींचं उत्पन्न २७ कोटींच्या वर नेलं होतं, आणि कोर्टाने बजावलं की सिस्टीमने जे फेकलं ते डोळे झाकून घेऊ नका, आधी तपासा. ऑस्ट्रेलियात डेलॉइट या सल्लागार फर्मने सरकारला दिलेल्या ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या रिपोर्टमध्ये नसलेले संदर्भ सापडले आणि त्याच ऑक्टोबरात फीचा काही भाग परत करायची वेळ आली. म्हणजे एवढी मोठी फर्म, तिथे तपासायला माणसं नव्हती असं थोडंच आहे.

पण मला या प्रकाराची तेवढी भीती वाटत नाही. खोटा निकाल सापडतो, साईटवर टाकला की नाही म्हणून येतो. खरा निकाल चुकीच्या सालाला लावलेला सापडत नाही, तो पकडायला विषय येणारा माणूस लागतो. आणि हे आता वाढणार आहे, कारण १९६१ चा इन्कम टॅक्स कायदा जाऊन २०२५ चा नवीन आला, १ एप्रिल २०२६ पासून लागू, ५३६ कलमं, टीडीएसची ढीगभर कलमं होती ती ३९२ आणि ३९३ मध्ये गोळा केली, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं. जुन्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालणार. म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन कायदे एकाच टेबलावर, आणि टूलने वाचलेलं साठ वर्षांचं सगळं साहित्य जुन्या नंबरांचं. काय काय घोळ होतील याची कल्पनाच करवत नाही.

आता ते कॅल्क्युलेटरवाल्यांचं म्हणणं. मी स्वतः हाताने लिहिलेली कीर्द-खतावणी बघितलेली आहे, माझे प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली ते सीए, तर त्यातच वाढलेले. तेरीज (ट्रायल बॅलन्स) दोन रुपयांनी लागली नाही तर रात्र जायची. मग हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली आलं, टॅलीत तेरीज जुळतेच, न जुळून सांगते कुणाला. तेव्हाही काहीतरी गेलंच हो, नाही असं नाही, डेबिट-क्रेडिट हाताला लागायचं ते गेलं, आणि आजही पोरं पार्टीला दिलेलं डिपॉझिट खर्चात टाकून मोकळी होतात कारण टॅली काही ओरडत नाही. पण त्या बदल्यात ऑफिसांनी लेजर स्क्रूटिनीवर जोर दिला, बेरजा करायच्या वाचल्या तर खाती वाचा म्हटलं. एक गेलं तर दुसरं आलं. आणि कॅल्क्युलेटर तुम्ही मांडलेलं गणित सोडवायचा, मांडायचं तुम्हालाच. इथे मांडणीच ते करून देतं, म्हणजे जिथे डोकं लागायचं तेच. तर माझा प्रश्न एवढाच आहे की यावेळी बदल्यात काय आणलं? मी आजूबाजूला बघते तर काही नाही. वाचलेल्या वेळात आम्ही आणखी दहा क्लायंट घेतले.

यावर अभ्यासही झालेत आणि ते एका बाजूचे नाहीत. स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीचे पाच हजारांवर कस्टमर सपोर्ट एजंट तपासले, तर एआयच्या सूचना मिळायला लागल्यावर नवख्यांचं काम जवळपास एक तृतीयांशाने वाढलं आणि मुरलेल्यांचं जवळजवळ होतं तिथेच. आणि टूल मधेच बंद पडलं तेव्हाही ते वापरलेल्यांचं काम थोडं सुधारलेलं राहिलं, म्हणजे काहीतरी शिकले. हे मला मान्यच आहे. उलट तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर गणितात प्रयोग झाला, जीपीटी-४ हाताशी असताना सराव ४८ टक्क्यांनी चांगला, आणि ते काढून परीक्षा घेतली तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के वाईट. पण त्याच प्रयोगात एक दुसरं टूल होतं जे उत्तर न देता फक्त इशारा द्यायचं, तिथे हे नुकसान बहुतेक भरून निघालं. म्हणजे वापरलं की नाही यापेक्षा तयार उत्तर घेतलं की नाही हा मुद्दा. आणि आम्ही अनुभवी लोकांनी फार हुशारी मारू नये म्हणून तिसरं सांगते, पोलंडमध्ये मुरलेल्या डॉक्टरांचा कोलोनोस्कोपीचा अभ्यास झाला, २०२५ मध्ये लॅन्सेटच्या जर्नलमध्ये आला, तिथलं एआय लिहिणारं नव्हतं, स्क्रीनवर गाठ दाखवणारं होतं. ते आल्यानंतर त्याच्याशिवाय केलेल्या तपासण्यांमध्ये गाठी सापडायचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. नुसत्या नोंदींवरचा अभ्यास आहे, कारण तेवढंच असेल असं छातीठोक म्हणता येत नाही. पण मी तरी ते वाचल्यापासून महिन्यातून काही फाईली मुद्दाम हाताने करते.

मग बंद का करत नाही, असं कुणीतरी विचारणारच. बंद न करायचं कारण आमच्या ऑफिसातच बसलंय. आमच्याकडे कागल, गडहिंग्लज, राधानगरी इकडची मराठी मीडियमची मुलं येतात. डोकं तल्लख, हिशोबात एक नंबर, पण इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं की गाडी अडायची. इतकी वर्षं बघत आलेय, मुद्दा त्याला कळलेला असतो, मराठीत फाडफाड सांगतो, आणि कागदावर येताना त्याची पार खिचडी होते, मग सीनियर म्हणतो याला काही येत नाही, आणि पुण्याच्या कॉन्व्हेंटवाल्याला चांगली कामं मिळतात, ज्याला लिहिता येतं पण कळलेलं असतंच असं नाही. आता हीच पोरं आपला मुद्दा मराठीत बोलून टूलला देतात आणि दहा मिनिटांत नीट इंग्रजी घेऊन येतात. हा अन्याय कित्येक पिढ्यांचा होता, तो जातोय तर मी कशाला आड येऊ. एका मुलीने तर गेल्या वर्षी अपिलाचे ग्राउंड्स असे काढले की समोरच्या वकिलाने फोन करून विचारलं कुणी लिहिले. मुद्दे तिचे होते, मी बाजूला बसून ऐकले होते म्हणून सांगते.

फक्त त्याची एक अडचण झालीय. पूर्वी ड्राफ्ट वाचला की कळायचं कुणाला किती येतं. आता सगळ्यांचे ड्राफ्ट सारखेच गुळगुळीत. कागदावरून माणूस ओळखता येत नाही, तेव्हा आता बोलवून विचारावं लागतं, आणि त्याला माझा वेळ जातो. इथेच आमची बहुतेक ऑफिसं पाट्या टाकतात.

आमच्याकडे आता पद्धत अशी लावलीय की नोटीस आली की आधी तिची प्रिंट, आणि टूल उघडायच्या आधी अर्धं पान हाताने लिहायचं, मराठीत चालेल, झालंय काय, कुठल्या तारखांना, आणि कागद कुठे मिळेल. ते घेऊन माझ्यासमोर बसायचं. नंतर खुशाल टूल वापरा. आणि टूलने दिलेल्या प्रत्येक निकालाचं साल आणि आपल्या केसचं साल समासात पेनने लिहायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, मॅडम जुन्या जमान्यातल्या आहेत वगैरे, कानावर आलं. येऊ दे. व्हाउचिंगमध्ये एक महिना कुठलाही निवडायचा आणि तो टूल न लावता करायचा, मग यादीशी ताडायचा. हे काही क्रांतिकारी नाही, दोन तास जास्त जातात एवढंच. आणि क्लायंटचे पॅन, लेजर, बँक स्टेटमेंट फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत, ही तर अक्कल असायला पाहिजे, अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच लोकांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नका म्हणून सांगितलं ते याचसाठी. क्लायंटची माहिती बाहेर देणं हे आमच्या १९४९ च्या कायद्यात सरळ सरळ गैरवर्तन आहे, पण किती ऑफिसात आर्टिकलला हे कुणी सांगितलंय?

माझ्या व्यवसायबंधूंना राग येईल पण लिहितेच. आर्टिकल आम्ही शिकवायला ठेवत होतो हे अर्धंच खरं. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून ठेवत होतो, बँकेत चेक टाकायला, ट्रेझरीत जायला, सप्टेंबरच्या ऑडिट डेटला रात्री अकरापर्यंत बसवायला, आणि तुटपुंजा स्टायपेंड देऊन वर म्हणायचं की शिकायला मिळतंय. नशीब एवढंच की त्या हमालीत शिकणं आपोआप होत होतं, आम्ही न शिकवता. आता हमाली टूलने घेतली आणि त्याच्यासोबत ते आपोआप शिकणं पण गेलं. आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण रिटर्न वेळेवर जातंय, बिल वेळेवर जातंय, आर्टिकल लवकर घरी जातोय, प्रिन्सिपल खुश, क्लायंट खुश. अळीमिळी गुपचिळी. आमच्या सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, सीए जीपीटी काढलं, एआयचे सर्टिफिकेट कोर्स काढले, चांगलंच आहे, मीही एक केला. पण टूल कसं वापरायचं याचे कोर्स सगळीकडे आहेत. ऑफिसने आर्टिकलला कुठलं काम त्याच्याशिवाय करायला लावायचं, याबद्दल मला कुणी काही विचारलेलं नाही, आणि दोन वर्षं पुरी झाली की मी सही करते की या मुलाने ट्रेनिंग घेतलं.

सहीवरून आठवलं. आमच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर, ऑडिट रिपोर्टवर यूडीन म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर टाकावा लागतो आणि तो आमच्या मेंबरशिप नंबरला जोडलेला असतो. उद्या काही निघालं तर नोटीस मला येणार, टूलला नाही. हे क्लायंटला समजावता समजावता तोंड दुखतं. परवा एक क्लायंट स्वतःच मोबाईलवर नोटिशीचं उत्तर बनवून घेऊन आले, म्हणाले मॅडम हे फुकट मिळालं, तुम्ही पाच हजार कशाचे घेता. मी म्हटलं काका, मग याच्यावर तुम्हीच सही करून पाठवा की. तर म्हणे नको नको, तुम्ही एकदा बघा. त्या बघण्याचेच पाच हजार आहेत, आणि ते बघणं मला कुणीतरी उन्हातान्हात फाउंड्रीत पिटाळलं म्हणून आलंय. पुढच्या पिढीला कुणी पिटाळणार नसेल तर पंधरा वर्षांनी काकांच्या मुलाने उत्तर दाखवायचं कुणाला? त्यावेळी माझ्या खुर्चीत बसलेला जो कोणी असेल तो ते उत्तर परत टूललाच दाखवेल, बरोबर आहे का म्हणून, आणि ते म्हणेल हो बरोबर आहे.

आणखी एक, आणि मग थांबते. सीएची इंटर परीक्षा पास होऊन आता आर्टिकलशिपला जागा शोधणारी बरीच मुलंमुली तुमचा पेपर वाचतात, निदान त्यांचे आईवडील तरी वाचतात. इंटरव्ह्यूत प्रिन्सिपल तुम्हाला शंभर प्रश्न विचारतील, तुम्ही पण दोनतीन विचारा, कुणी खाऊन टाकत नाही. स्टॉक मोजायला क्लायंटकडे नेणार का? माझं वर्किंग समोर बसवून कोण बघणार, आणि किती दिवसांनी? गेल्या वर्षीच्या आर्टिकलने स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली एक तरी फाईल दाखवता का? जिथे उत्तर म्हणून फक्त आमच्याकडे अमुक सॉफ्टवेअर आहे असं मिळेल, तिथून स्टायपेंड चांगला असला तरी दुसरं ऑफिस बघा. कोल्हापुरात अजून बरीच आहेत, इचलकरंजी सांगलीला पण आहेत. आमच्याकडेही एक जागा रिकामी आहे, पण ते पत्रात लिहिलं तर जाहिरात होईल, तेव्हा तेवढी ओळ तुम्ही कापली तरी माझी हरकत नाही.

कळावे,
आपली,
एक सीए, कोल्हापूर